छंदातून एअरलाइनकडे: उडी कधी घ्यायची हे कसं ठरवावं

खासगी वैमानिकाचा परवाना हातात आला, लॉगबुकात शंभरेक तास जमले, की एक प्रश्न डोकं वर काढतो: हेच पूर्णवेळ का करू नये? उत्तर शोधताना बहुतेक जण आपल्या लँडिंगकडे बघतात. लँडिंग छान होतंय, म्हणजे आपल्याला जमेल. हा निकष फारसा कामाचा नाही. लँडिंग शिकवता येतं, आणि एअरलाइन ते आपल्या विमानावर नव्याने शिकवतेच. खरा घोळ क्रमाचा असतो. आधी काय तपासायचं, पैसा कधी लावायचा, राजीनामा नक्की कुठल्या टप्प्यावर द्यायचा, हे उलटसुलट झालं की चांगले वैमानिकही अडकतात. ज्याने दार कायमचं बंद होऊ शकतं ते सर्वांत आधी आणि कमी खर्चात तपासून घ्यायचं, आणि जे केल्यावर मागे फिरता येत नाही ते सर्वांत शेवटी करायचं. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत.

१. आधी ती नोकरी नीट बघा

हौशी उड्डाणात सगळे निर्णय तुमचे असतात. कधी निघायचं, किती उंचीवरून जायचं, खाली तलाव दिसला म्हणून एक गिरकी मारायची की नाही. एअरलाइनमध्ये यातलं जवळपास काहीच उरत नाही. मार्ग डिस्पॅचकडून, म्हणजे कंपनीच्या उड्डाण-नियोजन विभागाकडून येतो, वेळ रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) ठरवतं, आणि कॉकपिटमध्ये कोणत्या क्षणी कोणी कोणता शब्द उच्चारायचा इथपर्यंत सगळं एसओपीत, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत लिहिलेलं असतं. दोघांपैकी एक जण विमान चालवतो. दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो, रेडिओ सांभाळतो, चेकलिस्ट वाचतो. पुढच्या फेरीत अदलाबदल. म्हणजे साधारण निम्मा वेळ विमान तुमच्या हातात नसतं, आणि उरलेल्या निम्म्यातही बराच काळ ऑटोपायलट चालू असतो. दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्तच्या गप्पा बंद. 'स्टराइल कॉकपिट'चा हा नियम अमेरिकेत १९८१ साली आला आणि आता जगभरच्या कंपन्यांच्या अंगवळणी पडला आहे.

कामाचे तासही बघून ठेवा. युरोपच्या नियमांत वैमानिकाला सलग २८ दिवसांत जास्तीत जास्त १०० तास आणि एका कॅलेंडर वर्षात ९०० तास उडता येतं. हे फक्त उड्डाणाचे तास झाले. ड्यूटीची मर्यादा त्याच २८ दिवसांत १९० तासांची आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे ब्रीफिंग, दोन फेऱ्यांमधली थांबणी, उशीर आणि कागदपत्रं. त्यात पहाटेच्या फेऱ्या, हॉटेलातली झोप, हुकलेले सण आणि वाढदिवस. शिवाय साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, आणि ती निवृत्तीपर्यंत सुटत नाही. दुसऱ्या कोणत्याही पेशात पन्नाशीतल्या माणसाला वर्षातून दोनदा आपली नोकरी पुन्हा सिद्ध करावी लागत असेल असं मला वाटत नाही.

आता स्वतःला विचारा: उडताना तुम्हाला नेमका कशात आनंद मिळतो? मोकळेपणात, कमी उंचीवरून दिसणाऱ्या गावा-डोंगरांत, मनात आलं की निघण्यात असेल, तर एअरलाइन नेमकं तेच काढून घेते. पण ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या उंचीवर, सुई मधोमध ठेवून केलेल्या अप्रोचमध्ये (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याच्या टप्प्यात) तुमचं मन रमत असेल, दुसऱ्याने दाखवलेली चूक न चिडता ऐकता येत असेल, तर हे काम तुम्हाला मानवेल. माहिती घ्यायला दोन-तीन वर्षं झालेल्या सहवैमानिकाकडे जा. वीस वर्षं मुरलेल्या कॅप्टनला सुरुवातीचे दिवस गोड आठवतात, आणि फ्लाइंग स्कूलच्या प्रवेश विभागाला जागा भरायच्या असतात.

२. मेडिकल, आणि तेही लगेच

या टप्प्याचं वर्णन छोटं आहे, पण तो चुकवू नका. खासगी परवान्यासाठी जी वैद्यकीय तपासणी होते ती खालच्या दर्जाची असते. अमेरिकेत तर २०१७ पासून 'बेसिकमेड' या सवलतीखाली बरेच खासगी वैमानिक विमान वाहतूक डॉक्टरकडे न जाताही उडतात. एअरलाइनला सर्वांत वरच्या दर्जाचं, क्लास वन मेडिकल लागतं. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) निकषांत प्रत्येक डोळ्याची दूरची दृष्टी, चष्म्यासह चालेल, ६/९ किंवा त्याहून चांगली आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ असावी लागते. त्याशिवाय रंगओळख, ऐकण्याची चाचणी, ईसीजी, मानसिक आरोग्याचा इतिहास. वर्षानुवर्षं विनातक्रार उडत असलेल्या माणसालाही रंगओळखीत किंवा ईसीजीत काहीतरी निघू शकतं, आणि ते त्याला तोवर माहीतच नसतं.

म्हणून पुढचा एकही पैसा खर्च करण्याआधी क्लास वनची पहिली पूर्ण तपासणी करून घ्या. औषधं, जुनी शस्त्रक्रिया, नैराश्यावरचे उपचार, काहीही लपवू नका. बऱ्याच गोष्टींना सवलत मिळते, कागदपत्रं मागून वेळ लागतो इतकंच. लपवलेली गोष्ट नंतर उघडी पडली तर आजारापेक्षा खोटेपणाच महागात पडतो. काही शंका असेल तर अर्ज भरण्याआधीच विमान वाहतूक डॉक्टरचा सल्ला घ्या, कारण एकदा नोंदलेला नकार पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागतो.

३. वयाचा हिशेब कागदावर

'आता उशीर झाला का?' या प्रश्नाला भावनेने उत्तर देऊ नका, वजाबाकी करा. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांत दोन वैमानिकांच्या विमानावर वयाची मर्यादा ६५ आहे. २००६ पर्यंत आयकाओची ही मर्यादा ६० होती. समजा तुम्ही ४१ वर्षांचे आहात आणि नोकरी सांभाळून परवाने पूर्ण करायला तीन वर्षं लागली, मग तास जमवण्यात आणि नोकरी शोधण्यात आणखी दोन. ४६ व्या वर्षी सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर बसलात तर १९ वर्षं हातात उरतात. कारकीर्द म्हणून हे काही थोडं नाही. पण त्यातली पहिली तीन-चार वर्षं सर्वांत कमी पगाराची आणि सर्वांत वाईट रोस्टरची असतात, आणि नेमकी तीच घरच्या जबाबदाऱ्या शिगेला पोचण्याची. हे घरच्यांसमोर आकड्यांत मांडा.

इथे सिनिऑरिटीची गोष्ट येते. अनेक मोठ्या कंपन्यांत, विशेषतः अमेरिकेत, तुमचा रुजू होण्याचा क्रमांक सगळं ठरवतो: कुठला बेस (कोणत्या शहरातून काम), कुठलं विमान, कोणती सुट्टी, कॅप्टनपदाची पाळी कधी. कपात आली की शेवटी आलेला आधी जातो. कंपनी बदलली तर यादीत पुन्हा तळाशी. त्यामुळे जायचं नक्की असेल तर 'अजून थोडा अनुभव घेऊन जाऊ' म्हणत काढलेलं वर्ष फुकटचं नसतं. तेवढ्यात पुढे गेलेले लोक शेवटपर्यंत तुमच्या पुढेच राहतात. जायचं नक्की नसेल, तर मात्र याच कारणाने घाई करण्यात अर्थ नाही.

४. लॉगबुक नव्याने वाचा

तासांचे आकडे फसवे असतात. आयकाओच्या किमान अटींनुसार खासगी परवान्याला ४० तास, व्यावसायिक परवान्याला २०० तास आणि मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम असेल तर १५०, आणि एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याला १,५०० तास लागतात. दीडशे तास झालेल्या माणसाला वाटतं, पन्नासच राहिले. पण ते पन्नास कसले? व्यावसायिक परवान्याला पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, ठरावीक तास लागतात, रात्रीच्या उड्डाणाची अट असते, आणि किमान ५४० किलोमीटरचा एक क्रॉस-कंट्री प्रवास लागतो, ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं असतं. रविवारी सकाळी त्याच धावपट्टीभोवती घातलेल्या फेऱ्यांनी हे खाने भरत नाहीत.

म्हणून एक संध्याकाळ काढा आणि सगळे तास चार रकान्यांत वाटा: कमांडचे, क्रॉस-कंट्री, रात्रीचे, उपकरणांवरचे. रिकामा रकाना दिसला की पुढच्या शनिवार-रविवारी काय उडायचं ते आपोआप ठरतं. इथे पैसे खऱ्या अर्थाने वाचतात, कारण ते तास तुम्ही छंद म्हणून उडणारच होता; फक्त वेगळ्या दिशेला उडायचं. सोबत नोंदी तपासा. बेरजा जुळतात का, विमानाचे क्रमांक बरोबर आहेत का, प्रत्येक पानाची स्कॅन केलेली प्रत आहे का. फुगवलेले तास मुलाखतीत पकडले जातात. अनुभवी परीक्षक दोन प्रश्नांत ओळखतो की हा माणूस त्या रात्री त्या विमानतळावर उतरलाच नव्हता.

देशागणिक मोठा फरक आहे तो पुढच्या पायरीत. युरोपसह अनेक ठिकाणी साधारण २०० तासांचा व्यावसायिक परवाना, मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान बाहेर काही दिसत नसतानाही फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची परवानगी) आणि दोन वैमानिकांनी मिळून काम करण्याचं प्रशिक्षण यांवर सहवैमानिक म्हणून घेतलं जातं. अमेरिकेत २०१३ पासून सहवैमानिकालाही एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवाना, म्हणजे १,५०० तास लागतात. लष्करातून आलेल्यांना ७५० आणि विमानविद्येची ठरावीक पदवी घेतलेल्यांना १,००० तास पुरतात. हा नियम २००९ मध्ये बफेलोजवळ कोसळलेल्या कोलगन एअरच्या ३४०७ क्रमांकाच्या उड्डाणानंतर आला. गंमत अशी, की त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० पेक्षा बरेच जास्त होते. तासांचा आकडा आणि तयारी यांचं नातं वाटतं तितकं सरळ नाही. असो. नियम तो नियम. 'कधी' याचं उत्तर तुम्ही कुठल्या देशात नोकरी करणार त्यावर दोन-तीन वर्षांनी मागेपुढे होतं, म्हणून ते आधी ठरवा.

५. नोकरी न सोडता इन्स्ट्रुमेंट रेटिंग घ्या

सगळ्या यादीतून एकच गोष्ट करायची असेल तर मी ही सांगेन. इन्स्ट्रुमेंट रेटिंग ही एअरलाइनच्या कामाची सर्वांत प्रामाणिक चाचणी आहे, आणि निकाल 'नको' असा आला तरी ते रेटिंग वाया जात नाही. हौशी वैमानिकाला त्याने सुरक्षितच केलेलं असतं. आयकाओच्या अटींत यासाठी कमांडचे ५० क्रॉस-कंट्री तास आणि उपकरणांवरचे ४० तास लागतात. त्या ४० पैकी काही सिम्युलेटरमध्ये चालतात. म्हणजे नोकरी करत, आठवड्याला दोन सत्रं धरत हे पूर्ण होऊ शकतं.

या काळात स्वतःवर नजर ठेवा. बाहेर ढगाशिवाय काही दिसत नसताना नजर एका उपकरणावरून दुसऱ्यावर फिरवत ठेवायची, रेडिओवर आलेली नवी परवानगी लिहून घ्यायची, अप्रोचचा चार्ट उलगडायचा, आणि विमान शंभर फुटांनीही वरखाली होऊ द्यायचं नाही. पहिले दहा-पंधरा तास सगळ्यांचीच तारांबळ उडते. त्यावरून काही ठरवू नका. तिसाव्या तासाला बघा. कामाचा ओघ वाढल्यावर तुम्ही काय सोडता? रेडिओ सोडून विमान सांभाळत असाल तर पाया ठीक आहे. विमान सोडून रेडिओला उत्तर देत असाल तर अजून काम बाकी आहे. प्रशिक्षकाने एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तर ती पुढच्या सत्रात सुधारलेली दिसते का? एअरलाइनच्या सिम्युलेटर निवडचाचणीत नेमकं हेच बघतात. परिपूर्ण उड्डाणापेक्षा सत्राच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुम्ही किती सुधारलात याला वजन असतं.

आणि हो, कंटाळा येतोय का तेही बघा. चाळिसावा होल्डिंग पॅटर्न (परवानगीची वाट बघत ठरलेल्या घिरट्या) उडताना जो मनातून घरी पोचलेला असतो, त्याने पुढचा खर्च करण्याआधी थांबून विचार करावा.

६. लेखी परीक्षांची मुदत ओळखा

हुशार लोक इथे चुकतात. ते उत्साहाने लेखी परीक्षा आधी उरकून टाकतात आणि उड्डाणाचा पैसा जमेपर्यंत निकालाची मुदत संपते. युरोपच्या पद्धतीत एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्याचे १३ विषय आहेत, प्रत्येकात ७५ टक्के लागतात, पहिल्या प्रयत्नापासून १८ महिन्यांत सगळे सुटायला हवेत, आणि त्यानंतर ३६ महिन्यांत व्यावसायिक परवाना व इन्स्ट्रुमेंट रेटिंग हातात यायला हवं. अमेरिकेत बहुतेक लेखी परीक्षांचा निकाल २४ महिने चालतो. तेव्हा पुढच्या उड्डाण प्रशिक्षणाचे पैसे आणि तारखा दृष्टिपथात असतील तेव्हाच पहिल्या पेपरला बसा. त्याआधी पुस्तकं वाचायला कोणी अडवलेलं नाही. हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशन लवकर सुरू केलं तर फायदाच आहे. आयकाओच्या शिफारशीनुसार इंग्रजीच्या प्रावीण्याची चौथी पातळी तीन वर्षं टिकते, पाचवी सहा वर्षं, आणि सहावी कायमची. जमत असेल तर एकदाच कष्ट करून सहावी घ्या.

७. पैसा: शाळेच्या पत्रकात नसलेला

शाळेच्या पत्रकातली रक्कम किमान तासांवर काढलेली असते. किमान तासांत पूर्ण करणारे थोडे. त्यावर परीक्षांची फी, पुन्हा द्यावी लागलेली चाचणी, हवामानाने वाया गेलेले आठवडे, राहण्या-खाण्याचा खर्च. आणि सगळ्यात विसरला जाणारा भाग: परवाना मिळाल्यापासून पहिल्या पगारापर्यंतचा काळ. या काळात उत्पन्न नसतं आणि तरीही रेटिंग जिवंत ठेवायला, हात चालू ठेवायला उडावं लागतं. पत्रकावर चौथा हिस्सा वाढवा आणि वर एक वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवा. एवढं नसेल तर तुमची वेळ अजून आलेली नाही. दोन वर्षं जास्त नोकरी करणं हा या बाबतीत शहाणपणाचा उशीर आहे.

शाळेला सगळी रक्कम आगाऊ देऊ नका, सवलत कितीही मोहक असली तरी. उड्डाण शाळा बंद पडतात, आणि पैसे भरलेले विद्यार्थी घेणेकऱ्यांच्या रांगेत अगदी मागे उभे असतात. जेवढं उडणार तेवढं, हप्त्याहप्त्याने. दुसरं, हातात नोकरीचं पत्र नसताना स्वतःच्या पैशाने एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाईप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाची परवानगी) घेऊ नका. त्या विमानावरचे प्रत्यक्ष तास नसतील तर कागदावरच्या रेटिंगला फारशी किंमत नसते आणि ते शिळं होत जातं. कंपनी रेटिंगचा खर्च करून बाँड लिहून घेत असेल तर तो बाँड किती वर्षांचा, मेडिकल गेलं तर काय होतं, हे वाचूनच सही करा.

८. भरतीच्या लाटेवर फार विसंबू नका

२००१, २००८ आणि २०२०, तिन्ही वेळा भरती थांबली, लोक घरी बसले, आणि तिन्ही वेळा काही वर्षांनी पुन्हा मागणी आली. प्रशिक्षणाला दोन-तीन वर्षं लागत असल्यामुळे आज दिसणारी तेजी तुम्ही पूर्ण होईपर्यंत टिकेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. उलट मंदीत सुरुवात करणारे बरेचदा बरोबर वेळी बाहेर पडतात. विमानं आणि प्रशिक्षकही तेव्हा सहज मिळतात. लाटेचा अंदाज बांधण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: परवाना मिळाल्यावर दोन वर्षं एअरलाइनने बोलावलंच नाही, तर मी तग धरेन का? उत्तर हो असेल तर बाजार कुठेही असो, सुरुवात करायला हरकत नाही.

९. राजीनाम्याची वेळ

क्लास वन हातात आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग झालं आहे आणि तरीही ओढ कायम आहे. लेखी परीक्षा सुटल्या आहेत. राखीव पैसा बाजूला आहे. घरच्यांनी रोस्टरचा अर्थ समजून होकार दिला आहे. यातलं एक जरी नसेल तर राजीनामा लिहू नका.

सगळं असेल, तर उरतो शेवटचा गट: व्यावसायिक परवान्याची चाचणी, मल्टी-इंजिन आणि त्यावरचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, दोन वैमानिकांच्या कामाचं प्रशिक्षण. हा भाग शनिवार-रविवारी ताणत बसू नका. सलग काही महिन्यांत, पूर्णवेळ करा. एकतर सलग केल्याने कमी तास लागतात, आणि दुसरं म्हणजे निवडचाचणीला बोलावणं येईल तेव्हा हात ताजा असतो. भरती करणारे एकूण तासांइतकंच गेल्या बारा महिन्यांत काय उडलात ते बघतात. दोन वर्षांपूर्वी संपलेलं उत्तम प्रशिक्षण तिथे फिकं पडतं.

नोकरी लगेच मिळाली नाही किंवा १,५०० तास गाठायचे असतील, तर प्रशिक्षक होणं हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग. पगार बेताचा, पण दुसऱ्याच्या चुका शांतपणे बघून योग्य क्षणीच बोलायची सवय लागते, आणि दोन वैमानिकांच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाकडून तीच अपेक्षा असते. पॅराशूटवाल्यांना वर नेणं, हवाई सर्वेक्षण, ग्लायडर ओढणं हेही चालतं. देशाचे नियम आणि तुमचा परवाना काय मुभा देतो ते पाहा.

१०. उत्तर 'नाही' आलं तर

असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं आणि त्यात हुकलं काही नाही. मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि नीट लावलेलं लॉगबुक एवढं करून थांबलेला माणूस आधीपेक्षा चांगला खासगी वैमानिक असतो. ज्यांना शिकवायला आवडतं त्यांनी मूळ नोकरी ठेवून शनिवार-रविवारी प्रशिक्षक व्हावं. काही देशांत त्यासाठी व्यावसायिक परवाना लागतो, काही ठिकाणी खासगी परवाना आणि व्यावसायिक पातळीची लेखी परीक्षा पुरते. कारण पैसा किंवा घरची परिस्थिती असेल तर दोन वर्षांनी हाच हिशेब पुन्हा करण्यासाठी कॅलेंडरवर तारीख घाला, आणि तोवर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत चुकू देऊ नका. संपलेलं रेटिंग परत मिळवायला ते चालू ठेवण्यापेक्षा जास्त खर्च येतो.